राणीच्या खांद्यावरची जाळी

मासळीच्या कारखान्यात कापणाऱ्या बायकांच्या डाव्या हातात पोलादी मोजा असतो. उजव्या हातात सुरी, डाव्या हाताखाली मासा. सुरी घसरली तर ती मोज्यावरून सरकते आणि बोटं शाबूत राहतात. मोजा कापडाचा नाही. बारीक बारीक कड्या एकमेकींत अडकवून विणलेली जाळी असते ती. बहुतेकींना त्याचा वैताग. थंडीत गार पडतो, उन्हाळ्यात घाम धरतो, कितीही धुतला तरी वास सोडत नाही. सुट्टीची घंटा झाली की सगळ्याजणी मोजा खिळ्याला टांगतात आणि मागे वळून बघत नाहीत.

एकच बाई बघायची. टांगलेल्या मोज्याखाली उभी राहून, मान वर करून बघत राहायची, आणि मागची बाई म्हणायची, "मावशी, सरा. त्याला काय दृष्ट लावताय?"

त्या बाईला पुढे सगळा कारखाना जाळीमावशी म्हणू लागला. ते कसं झालं, त्याची ही गोष्ट.

एकदा एक मोजा अंगठ्यापाशी उसवला. मुकादमाने तो कचऱ्याच्या पिंपाकडे भिरकावला. मावशीने तो हवेतच झेलला.

"हा फेकणार का?"

"मग काय चौकट करून भिंतीवर लावू?"

"मला द्या."

"घरी कुणाला कापणार आहात?" मुकादम म्हणाला, पण दिला.

घरी आल्यावर मावशीने मोजा सोड्याच्या पाण्यात उकळला, पुसला आणि खिडकीजवळच्या मेजावर पसरला. नवरा शेजारी बसला होता. त्याने उभा जन्म रोडरोलर चालवला होता, आता निवृत्त होता. बायकोने कात्री घेतलेली बघून त्याने खुर्ची मागे सरकवली.

"दिवसा मासे कापतेस, संध्याकाळी मोजे. मी जरा लांबच बसतो."

ती एका कडीला सुईच्या टोकाने इकडून तिकडे ढकलत होती. मोज्याच्या कड्या डाग देऊन सांधलेल्या असतात, उघडत नाहीत. तिने पक्कड आणून एक कडी तोडली. शेजारच्या चार कड्या सैल झाल्या. आणखी एक तोडली. पुन्हा चार.

"अहो," ती म्हणाली, "एकीत चार आहेत."

"काय चार?"

"एका कडीत चार अडकल्यात. त्या चारांतल्या प्रत्येकीत पुन्हा चार. बघा ना इकडे. सगळी जाळी एवढ्यावरच चाललीय."

नवऱ्याने बघितलं. त्याला कड्या दिसल्या. मावशीला मात्र घराचं दार सापडल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं हातात घालून मिरवलेली वस्तू, आणि तिचा सगळा कारभार एवढ्याशा नियमावर. त्या दिवशी तिला जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

मग तिने स्वतःच्या कड्या करायला घेतल्या. तार घ्यायची, गुळगुळीत सळईभोवती घट्ट गुंडाळायची, वेटोळ्याला वेटोळं चिकटलं पाहिजे. सळई काढली की हातात स्प्रिंग राहते. ती लांबीत करवतीने कापली की कड्या सुट्या होतात. ऐकायला एवढंच. पहिल्या खेपेला तिच्या निम्म्या कड्या वाकड्या आल्या, उरलेल्यांत लहानमोठ्या. ताण ढिला पडला की वेटोळं मोठं होतं, आणि मोठी कडी धाकटीत बसली की जाळीला पोक येतं. तिने सगळ्या फेकल्या आणि नव्याने गुंडाळायला बसली.

खरं काम पुढेच. कडी ओढून उघडायची नाही. ओढली की तिचा गोल जातो, आणि गेलेला गोल परत येत नाही. दोन पकडी घ्यायच्या. एक टोक पुढे, एक मागे, अशी वळवून उघडायची, आणि वळवूनच मिटायची. मिटताना टोकं जरा पुढे न्यायची आणि परत आणायची. ती एकमेकांवर घासून टक् म्हणतात. टक् ऐकू आला नाही तर कडी मिटली नाही. मग सांध्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर पुन्हा. हजार कड्या म्हणजे हजार वेळा हेच, आणि हजाराव्या कडीला पहिलीइतकंच लक्ष. यात पळवाट नाही. बोटांना घट्टे पडतात, मग घट्ट्यांना भेगा पडतात, मग एके दिवशी हात आपसूक चालू लागतो.

मावशीचा हात चालू लागला तसं तिला आवरेना. किल्ल्यांचे जुडगे, कानातली, मनगटपट्टे, चष्म्याला अडकवायच्या साखळ्या. कारखान्यात जिचा वाढदिवस तिला मावशीची जाळी. बायका घ्यायच्या, "अगं बाई, किती नाजूक" म्हणायच्या आणि पर्समध्ये टाकायच्या. नंतर ती वस्तू कुणाच्या कानात दिसली नाही, मनगटावर दिसली नाही. धाकट्या जावेने तर तोंडावर सांगितलं.

"कानातलं छान आहे हो जाऊबाई, पण घालू कशावर?"

"कानावर," मावशी म्हणाली.

जाऊ हसली. मावशीही हसली. पण घरी येऊन ती बराच वेळ पक्कड हातात धरून नुसती बसली. तिला कौतुक नको होतं, ते पुष्कळ मिळालं होतं. आपण केलेली वस्तू कुणीतरी अंगावर घालून चार माणसांत जावं, आणि आपण ते लांबून बघावं, एवढंच तिला हवं होतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. मागून मिळणारी ही गोष्ट नव्हती.

घरात सून होती. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सून चष्म्याच्या दुकानात. सासूसुनेचं बरं चाललं होतं, म्हणजे टोमणे रोजचे होते आणि भांडण कधीमधी. सुनेने कधी जाळी मागितली नव्हती आणि मावशीने कधी दिली नव्हती. न मागता दिलेलं कपाटात जातं, हे तिला पाठ झालं होतं.

एके संध्याकाळी सून दारातूनच, पायातल्या चपलांसकट आत आली.

"आई, मी राणी झाले."

"कुठली?"

"नाटकातली."

"मग ठीक आहे. घरातली जागा भरलेली आहे."

सासरे वर्तमानपत्राआड खोकले.

गावात एक हौशी नाटकमंडळ होतं. ते चालवायचा एक दातांचा डॉक्टर, त्याला सगळे दातवाला म्हणत. सून तिथे पडद्यामागे बसून इतरांना विसरलेली वाक्यं सांगायची. दुसऱ्यांना सांगून सांगून अख्खं नाटक तिला तोंडपाठ. आता राणीचं काम करणाऱ्या बाईची दुसऱ्या शहरात बदली झाली आणि दातवाल्याने सुनेला पडद्यामागून ओढून पुढे उभं केलं होतं. लढाई हरत आलेल्या राणीचं काम. शेवटच्या प्रवेशात ती तलवार डोक्यावर उचलते आणि पळून निघालेलं सैन्य मागे फिरतं.

"सगळं छान आहे," सून म्हणाली, "फक्त ते खांद्यावरचं चिलखत. पत्र्याचं आहे. चालले की बादली घरंगळल्यासारखा आवाज येतो. मी हळू बोलले तर पहिल्या रांगेलाही ऐकू जायचं नाही." मग ती जरा थांबली आणि चपला काढू लागली. खाली बघत म्हणाली, "आई, तुम्ही करून द्याल का? जाळीचं?"

मावशी उठली, शिवणाचा टेप घेऊन आली आणि सुनेच्या खांद्याचं माप घेऊ लागली.

"आई, हो की नाही ते तरी सांगा."

"सरळ उभी राहा."

दातवाल्याने अट घातली होती. वेषभूषेसकट तालीम होईल त्या दिवशी वस्तू तयार पाहिजे आणि अंगावर नीट बसली पाहिजे. नाही बसली तर पत्रा. मावशीला अट ऐकून उलट बरं वाटलं. अट घालतात ते वापरायच्या वस्तूला.

त्या दिवसापासून घराचं रूप पालटलं. मेजावर ताटं मांडायला जागा उरली नाही. सगळे मांडीवर ताट घेऊन जेवू लागले. पोलाद जड झालं असतं, म्हणून मावशीने ॲल्युमिनियमची तार घेतली. नवऱ्याला तिने गुंडाळायला बसवलं. रोलर चालवणाऱ्याचा हात, संथ आणि एकसारखा; त्याच्या स्प्रिंगा तिच्यापेक्षा सरळ यायच्या, पण हे तिने त्याला सांगितलं नाही. पुरुष चढून बसतो.

तिच्या डोक्यात चित्र स्पष्ट होतं. पुढे एक चौकोन, मागे एक चौकोन, दोन्ही खांद्यांवर एकेक पट्टा, मधून डोकं घालायचं. सगळी जाळी चांदीसारखी, आणि तिच्यातून गळ्यापासून छातीकडे उतरत जाणाऱ्या तांब्याच्या रेघा. राणी उभी राहिली की रेघा वरून खाली ओघळल्यासारख्या दिसल्या पाहिजेत.

आता रेघ काढायचे दोन मार्ग असतात. जाळी ओळीओळीने विणतात. ओळी आडव्या ठेवल्या तर उभ्या रेघेसाठी प्रत्येक ओळीत मोजून ठरल्या जागी तांब्याची कडी घालावी लागते. चुकलं की उसवा. ओळीच उभ्या घेतल्या तर मात्र काम सोपं, एक अख्खी ओळ तांब्याची घेतली की रेघ तयार. मावशीने ओळी उभ्या घेतल्या. आळसाने नाही. हाताशी वेळ थोडा होता आणि मेजावर दोन्ही जाळ्या सारख्याच दिसत होत्या.

कारखान्यातून आली की ती हात धुऊन बसायची. टक्, टक्, टक्. शेजारीण विचारून गेली की घड्याळं दुरुस्त करायला घेतलीत का. चौकोन वाढत गेला. पहिली तांब्याची ओळ बसली त्या दिवशी मावशीने स्वयंपाकघरातल्या सुनेला हाक मारली आणि काही न बोलता नुसतं बोट दाखवलं. सून हातातलं लाटणं घेऊनच वाकली.

"आई," ती म्हणाली, "हे मी घालणार?"

"नाही, तुझे सासरे घालणार."

"मला गळ्याशी सैल ठेव," सासरे म्हणाले.

तालमीच्या आदल्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी शेवटची कडी मिटली. मावशीने जाळी दोन्ही हातांवर उचलली, सुनेने मान वाकवली, जाळी तिच्या खांद्यांवर आली.

आणि ओघळली.

मेजावर घट्ट, माशाच्या खवल्यांसारखी बसलेली ती जाळी स्वतःच्याच वजनाने खाली ताणली गेली. कड्यांच्या मधली भोकं उघडी पडली, आतला झगा चाळणीतून दिसावा तसा दिसू लागला. छातीपर्यंत यायची ती पोटापर्यंत आली आणि खांद्यांवर मात्र आवळून बसली.

"हात वर कर," मावशी म्हणाली.

"केलाय."

"पूर्ण वर."

"आई, एवढाच होतोय."

हात खांद्याच्या रेषेत थांबला होता. जाळी दगडासारखी अडून बसली होती.

सासऱ्यांनी मान तिरपी करून बघितलं. "एवढ्या हातात राणी फार तर बस थांबवेल."

सुनेला हसू आलं, पण मावशीचा चेहरा बघून तिने ते गिळलं. जाळी काढून तिने हळूच मेजावर ठेवली. मेजावर आल्याबरोबर ती पुन्हा घट्ट, सुबक, निर्दोष.

"पत्रा घालते मी," सून म्हणाली. "एवढं काही नाही. हळू बोलायचं नाही, झालं. जोरात बोलेन."

"गप्प बस जरा," मावशी म्हणाली. रागाने नाही. तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

विणताना उरलेला एक हातभर तुकडा होता. तिने तो दाराच्या खिळ्याला अडकवला. ओळी उभ्या होत्या. तुकडा लांबला, भोकं उघडली. तिने तो काढला, आडवा फिरवला आणि पुन्हा अडकवला. ओळी आडव्या झाल्या. तुकडा आखडला, दाट झाला, भोकं मिटली. तिने दोन्ही कडा धरून रुंदीत ओढला. तो पसरला. सोडला. तो परत मिटला.

तिने पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. मग मागे वळली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"अहो, या इकडे. ओढा हे."

नवऱ्याने ओढलं.

"आता फिरवून ओढा."

"हे येत नाही."

"येणारच नाही! उभ्या ओळीत वजनानेच ती आधी ओढली जाते, मग पसरायला उरतं काय? आडवी ठेवली की मिटून राहते आणि हात उचलला की उघडते. ही एकाच अंगाने श्वास घेते हो. मी तिला चुकीच्या अंगावर निजवलंय."

मेजावर जाळी निजलेली असते. निजलेल्या माणसाची उंची कळते, चाल कळत नाही. आजवर विणलेली जाळी कानातल्याएवढी नाहीतर मनगटाएवढी, त्यात हे कधी कळायचा प्रश्नच आला नव्हता. मावशीला चूक सापडली याचं दुःख व्हायला हवं होतं. पण ती इतक्या भराभर बोलत होती, खिळ्यावरचा तुकडा इतक्यांदा फिरवून दाखवत होती, की सून आणि सासरे एकमेकांकडे बघत राहिले. मोज्यातली चारांची गोष्ट सापडली त्या दिवशी ती अशीच झाली होती.

"सगळे तुकडे सोडवायचे," ती म्हणाली, "प्रत्येक तुकडा पाव फेरा फिरवायचा आणि परत जोडायचा. पुढचा आणि मागचा चौकोनच आहेत, ते बसतील. खांद्याचे पट्टे कापून नव्याने सांधावे लागतील."

"उद्या तालीम आहे," सून म्हणाली.

"म्हणून तर आज करायचं."

"आणि आई, रेघा आडव्या होतील. आडव्या रेघांत मी जाडी दिसेन."

मावशी क्षणभर थांबली. ओघळत्या रेघांचं चित्र तिने इतके दिवस जपलं होतं. ते मोडायला मन घेत नव्हतं. मग तिने पक्कड उचलली.

"जाडी राणी चालते. हात वर न होणारी चालत नाही."

सुनेने दातवाल्याला फोन लावून जे आहे ते सांगितलं. थोड्याच वेळात दातवाला स्वतः दारात हजर. त्याचा दवाखानाही त्या दिवशी बंद होता. हातात चामड्याची गुंडाळी. ती त्याने मेजावर उलगडली तर आत चकचकीत पकडींची रांग, दातांच्या तारा वळवायच्या.

सासरे पटकन उठून उभे राहिले. "डॉक्टर, आधी भूल द्या. तिला नको, मला."

"मी मदतीला आलोय," दातवाला म्हणाला. "मला माझी राणी बादलीसारखी वाजायला नको आहे. काय करायचं ते सांगा."

मावशीने त्याला एक कडी दिली आणि मिटून दाखवायला सांगितलं. त्याने मिटली. तिने नख फिरवलं. नख अडकलं.

"पुन्हा."

त्याने पुन्हा मिटली.

"टक् आला का?"

"कसला टक्?"

"येईल तेव्हा कळेल. पुन्हा."

चौथ्या-पाचव्या खेपेला टक् आला. दातवाल्याने मान वर केली. शाळेतल्या मुलाचं गणित बरोबर यावं तसा चेहरा. "आला," तो म्हणाला.

"आता सगळ्या तशाच."

मग चौघं मेजाभोवती बसले. सून सांध्यावरच्या कड्या उघडून तुकडे मोकळे करायची. मावशी तुकडा फिरवून मांडायची, कडेच्या कड्या कडेला लावून द्यायची. दातवाला आणि ती मिटायचे. सासरे नव्या कड्या कापून वाटीत टाकायचे, आणि मधेच आपणही एखादी मिटून द्यायचे, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. चहा झाला, तो गार झाला, पुन्हा झाला. कुणी उठेना. सून पाठ केलेली वाक्यं म्हणत होती, दातवाला मान न उचलता "इथे थांब, श्वास घे" सांगत होता, आणि वाक्याच्या मधल्या जागेत टक्, टक्.

मावशी झालेल्या सांध्यावरून नख फिरवत पुढे चालली होती. मधेच थांबली.

"ही कुणाची?"

तिघांच्या माना आणखी खाली गेल्या.

"कडीवर दात उमटलेत."

"मग डॉक्टरांचीच," सासरे म्हणाले.

दातवाला इतका हसला की त्याच्या मांडीवरची वाटी सांडली आणि सगळे गुडघ्यांवर बसून कड्या वेचू लागले. मावशीने दात उमटलेली कडी तोडली आणि नवऱ्याच्या हातातली दातेरी पक्कड काढून घेऊन त्याला गुळगुळीत दिली. "आता राजरोस मिटा," ती म्हणाली. "चोरून केलेलं काम असंच होतं."

खांद्याच्या पट्ट्यांनी दमवलं. ते कापून आडवे सांधताना एक बाजू बोटभर कमी भरली. मावशीने दोन ओळी नव्याने विणल्या. घाई मनात होती, हातात तिने ती येऊ दिली नाही. खिडकीतलं ऊन मेजावरून भिंतीवर गेलं तेव्हा शेवटचा सांधा मिटला.

सूनच पुढे आली. जाळी अंगावर चढली. या वेळी ती ओघळली नाही. खांद्यांवर येऊन बसली, पाणी भांड्यात बसतं तशी.

"हात," मावशी म्हणाली.

सुनेने हात उचलला. सर्रर्र असा बारीक आवाज झाला, रेतीतून पाणी ओसरावं तसा. जाळी काखेपासून खांद्यापर्यंत पंख्यासारखी उघडली आणि हात थेट छताकडे गेला. तिने खाली आणला, जाळी मिटली. वर, उघडली. खाली, मिटली. मग तिने दोन्ही हात पसरून एक गिरकी घेतली आणि तांब्याच्या आडव्या रेघा खांद्यावरून खांद्यावर उजेड सरकवत गेल्या.

"जाडी दिसते का मी?"

"थोडी," सासरे म्हणाले.

दातवाल्याने पकडी गुंडाळल्या. "पत्रा मी उद्या घरी नेतो," तो म्हणाला. "माझ्या बायकोला कुंडीखाली ठेवायला हवाच होता."

प्रयोगाच्या संध्याकाळी मावशी सभागृहात मधल्या रांगेत बसली. नाटक काय चाललंय याकडे तिचं फार लक्ष नव्हतं. ती खांदे बघत होती. सून चालली, वळली, गुडघ्यावर बसली, उठली. जाळी तिच्याबरोबर चालली, वळली, बसली, उठली. राणी हळू आवाजात बोलली आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाताना ऐकू आला.

मग टिण् असा आवाज झाला.

मंचाच्या लाकडावर एक कडी पडली होती. दुसऱ्या कुणाला कळलंही नसेल. मावशीने अंधारात नवऱ्याचं मनगट पकडलं.

"माझी नाही," तो कुजबुजला.

एक कडी गेली तर भोक पडतं, जाळी उसवत नाही. हे तिला ठाऊक होतं. पण शेवटचा प्रवेश अजून यायचा होता, आणि त्या कडीच्या शेजारणीही त्याच हाताने मिटलेल्या असल्या तर? ती खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसली. सैन्य पळू लागलं. राणी मागे वळली. तलवार उचलली. सर्रर्र. जाळी दिव्याखाली उघडली, तांबं पेटल्यासारखं झालं, आणि पुढच्या रांगेतल्या कुणीतरी श्वास आत ओढला. हात पूर्ण वर गेला आणि तिथे थांबला. दुसरी कडी पडली नाही. मावशीने मनगट सोडलं. नवरा बराच वेळ ते चोळत राहिला.

नाटक संपल्यावर सून रंग पुसून बाहेर आली, पण जाळी तशीच अंगावर.

"काढ की आता," मावशी म्हणाली.

"राहू दे. बसमध्ये गर्दी असेल."

"म्हणूनच म्हणते."

"म्हणूनच राहू दे म्हणते."

बसमध्ये खरंच गर्दी होती. मावशीला बसायला जागा मिळाली, सून पुढे दांड्याला धरून उभी राहिली. लोक बघत होते. बघून नजर वळवायचे आणि पुन्हा बघायचे. मावशी कुणाकडे न बघितल्यासारखी बसली होती आणि एकेकाचा चेहरा वाचत होती. सुनेच्या शेजारी पहारेकऱ्याच्या गणवेशातली एक थोराड बाई होती, कामावरून सुटलेली. तिने बराच वेळ धीर धरला.

"हे कुठे मिळतं हो?"

"मिळत नाही," सून म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी केलंय. त्या काय, खिडकीशी."

बाईने मावशीकडे बघितलं. मावशीने खिडकीबाहेर बघितलं.

"जड असेल ना?"

"घालून बघा," सून म्हणाली, आणि चालत्या बसमध्ये, एका हाताने दांडा धरून, तिने जाळी डोक्यावरून काढली आणि त्या अनोळखी बाईच्या डोक्यावरून खाली सोडली. बाईचा गणवेश, बाईचे रुंद खांदे, आणि त्यावर ती चांदीसारखी जाळी, जणू मापाने केलेली.

मावशी उठून उभी राहिली. बस वळत होती, नवऱ्याने तिच्या पदराला धरलं होतं, तरी ती माणसांतून वाट काढत पुढे गेली.

"हात वर करा," ती त्या बाईला म्हणाली. "नाही, पूर्ण. अजून. आता बघा कशी उघडते ती."